काखेतली टीप

ऑस्ट्रेलियातल्या आर्मिडेल गावी, चर्चमागच्या हॉलात थंडीने बोटं वाकडी होत होती, तरी जुन्या पोशाखांचं मंडळ जमलं होतंच. ही माणसं पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतले कपडे शिवतात, घालतात आणि दुसऱ्याच्या कपड्यात खोट काढतात. यातलं शेवटचं काम सगळ्यांत मन लावून.

लायलने बायकोने, नोरीनने शिवलेला लिननचा झगा टेबलावर पसरला. ती वारल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. झगा नमुना म्हणून हॉलात कायमचा टांगायचा, खाली तिचं नाव लिहायचं, असं मंडळाने कबूल केलं होतं. घरात लायलशी बोलायला कुणी उरलं नव्हतं. निदान इथे तरी लोकांनी तिचं नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. अट एकच: टाका न् टाका हातचा हवा.

मंडळाची तपासनीस डोरेल. तिने झगा उलटा केला. गळ्याच्या बारीक चुण्या पाहून म्हणाली, "काय हात होता बाईचा!" मग काखेतला चौकोनी तुकडा ताणून पाहिला आणि थांबली.

"लायल, ही मशीनची टीप आहे."

लायलने वाकून पाहिलं. सरळ, एकसारखी, निर्लज्ज टीप. दुसऱ्या काखेतही तीच. आणि नोरीन तर मशीनवाल्यांना भर सभेत लबाड म्हणायची!

"मी मारली," तो म्हणाला. "ती गेल्यावर. उसवलं होतं."

"तू? तुला पँटचं बटण लावता येत नाही, म्हाताऱ्या!" मागून ग्रेडन ओरडला. सगळे हसले.

"म्हणून तर मशीनवर मारली, गाढवा."

"तिचं सोन्यासारखं काम बाटवलंस की रे," डोरेल म्हणाली. "असू दे. आम्ही उसवून हाताने शिवतो, मग टांगू."

लायलने झगा तिच्या हातातून ओढून घेतला. "हात लावायचा नाही."

"मग भिंतीवर नाही जायचा."

"नको जाऊ दे."

चहाच्या वेळी त्याच्या बाकावर कुणी बसलं नाही. अंत्यविधीला हीच माणसं 'काही लागलं तर सांग' म्हणाली होती.

घरी येऊन त्याने मशीनवरचं आवरण काढलं. सुईत पांढरा दोरा ओवलेला तसाच होता. म्हणजे तो मंडळाच्या मेळाव्यांचे तंबू ठोकायला जायचा, तेव्हा ही बया इथे दार लावून टिपा मारत बसायची! त्याला खदखदून हसू आलं.

"अगं लबाडे!" तो मोठ्याने म्हणाला, आणि उत्तर ऐकायला स्वयंपाकघराकडे वळला.