चहाडखोर

सकाळी नऊच्या सुमाराला दादाने वॉटर पंप बदलायला गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा धाकटा भाऊ शेजारी येऊन उभा राहिला. त्याला काळजी पंपाची नव्हती. वॉटर पंप बदलणं म्हणजे दादाच्या हातचा मळ. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. आता गॅरेज बंद करून घरी बसला होता, तरी स्वतःच्या गाडीला परक्याचा हात लागू देत नव्हता. काळजी वेगळीच होती. वहिनी आठ महिने सांगत होत्या की ह्यांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं, ह्यांना गाडी चालवू देऊ नका, एकदा डॉक्टरकडे न्या. धाकट्याने आठही महिने ते उडवून लावलं. काल तर चिडून म्हणाला, "वहिनी, उद्या दादा पंप बदलेल. चुकला तर मी स्वतः त्याला डॉक्टरकडे नेतो. नाही चुकला, तर हा विषय परत काढायचा नाही."

"बरं, भाऊजी," एवढंच म्हणून वहिनी भाजी निवडत बसल्या.

धाकटा शाळेत भूगोल शिकवायचा. जगातल्या नद्या कुठून निघतात नि कुठे मिळतात ते त्याला तोंडपाठ, पण घरातल्या नळाचा वायसर बदलायचा म्हटलं की घाम फुटायचा. वडील लवकर गेले, तेव्हा दादाने शाळा सोडून स्वतःच्या हातात गॅरेजचे पाने घेतले आणि ह्याच्या हातात पुस्तकं दिली. तो दादा काही विसरतो, हे ऐकून घ्यायची धाकट्याची तयारीच नव्हती.

दादाने काम सुरू केलं आणि धाकट्याचा जीव भांड्यात पडला. रेडिएटरखाली परात सरकवून दादाने पाणी काढलं, पट्टा सैल केला. बुटांच्या खोक्याचं झाकण घेऊन त्यावर पंपाचं चित्र काढलं आणि निघालेला एकेक बोल्ट त्या त्या जागी टोचून ठेवला, कारण सगळ्यांची लांबी सारखी नसते. तोंडाने धाकट्याची खिल्ली चालूच.

"मास्तर, बारा नंबरचा पाना दे. बारा म्हणालो, तेरा नाही. तू गणित शिकवत नाहीस ते पोरांचं नशीब."

खिडकीच्या गजांमागे वहिनी उभ्या होत्या. धाकट्याने त्यांच्याकडे बघून 'पाहिलंत?' अशी मान हलवली. पुढे त्या मान हलवण्याची त्याला फार लाज वाटली.

जुना पंप निघाला. गेल्या आठवड्यात भर रस्त्यात इंजिन तापून वाफा आल्या होत्या, पण त्याआधी कितीतरी दिवस ह्या पंपाने जमिनीवर एक थेंब दाखवला नव्हता. दादाने तो धाकट्याकडे दिला. "पूस जरा. चहाडखोर बघू."

चहाडखोर हा दादाचा खास शब्द. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं आणि मालकाला वेळेत कळतं. गॅरेजात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला दादा पहिल्याच दिवशी बजावायचा, चहाडखोराचं तोंड कधी बंद करायचं नाही, तो चहाडी करतो म्हणून इंजिन वाचतं.

धाकट्याने फडकं फिरवलं. भोक नव्हतंच. त्या जागी लाल गम भरला होता, वरून अंगठ्याने दाबून सारखा केलेला, आणि वाळलेल्या गमात एक तिरकी रेघ उमटली होती. पत्र्याने कापल्याची तशीच रेघ दादाच्या उजव्या अंगठ्यावर तीस वर्षं होती.

"कुठल्या गाढवाने हे केलं?" दादा वाकून बघत म्हणाला. "ठिबकतं म्हणून भोकच बुजवलं? असल्या माणसाला इंजिनाजवळ उभं करू नये. कोणी हात लावला माझ्या गाडीला?"

तो खरोखर रागावला होता. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. धाकट्याला ते बघवेना.

"मी," तो नाक चोळत म्हणाला. "मध्यंतरी तू परगावी होतास ना, तेव्हा. थेंब पडताना दिसले, म्हटलं लावू थोडा गम."

दादा त्याच्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. "मास्तर ते मास्तरच. वहिनीला बोलू नकोस हं, जन्मभर ऐकवेल."

पुढचं काम दादाने चोख केलं. समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळले, नवीन पाणी भरलं, गाडी सुरू करून अर्धा तास तापमानाच्या काट्यावर नजर ठेवली. काटा मधोमध राहिला. धाकट्याने पैज जिंकली होती.

तो स्वयंपाकघरात गेला. "केलं ना नीट?" वहिनी म्हणाल्या. "आता नाही काढणार मी विषय."

"काढा, वहिनी," तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं. "सगळं सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

वहिनींनी सांगितलं. चहात मीठ. दोनदा उघडा राहिलेला गॅस. कोपऱ्यावरच्या दुकानातून परतताना चुकलेली वाट, आणि घरी आल्यावर त्याबद्दल दाखवलेला राग. शेवटची गोष्ट त्यांनी ओट्याकडे बघत सांगितली. "परवा मला म्हणाले, 'तुम्हाला घरी न्यायला कोणी येणार आहे का?' चाळीस वर्षांत कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते हो मला."

धाकटा तोंड धुऊन बाहेर आला. दादा पायरीवर बसला होता. मांडीवर जुना पंप होता आणि गमावर त्याचा उजवा अंगठा होता. रेघेवर रेघ बरोबर बसली होती.

"तू नव्हतास," दादा म्हणाला. "खोटं बोललास की लहानपणापासून नाक चोळतोस."

दादाने खिशातून गाडीची किल्ली काढली, धाकट्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"आणखी काय काय केलंय मी?"

धाकटा शेजारी बसला. सगळ्यात लहान गोष्टीपासून सुरुवात करावी असं त्याला वाटलं.

"मागच्या महिन्यात तू चहात मीठ घातलंस."

"मग? ओतून दिला?"

"नाही," धाकटा म्हणाला. "वहिनी प्यायल्या. सगळा कप."