सासूसमोर आ वासायचा नाही

रोस्नीदारने जावयाचं असं काय घोडं मारलं होतं, की तिला पाहताच त्याने ओठ शिवून घ्यावेत?

तीन वर्षांमागे नारळ उतरवायला शिकवलेल्या माकडाची दोरी शेंड्यात अडकली, तेव्हा हा शहाणा स्वतःच झाडावर चढला आणि मान मोडून घेतली. मानेखालचं सगळं गेलं. छातीसुद्धा निम्मीच हलायची. मुलगी लांब बाताम बेटावर, कारखान्यात. जावयाचा भाऊ सकाळ-संध्याकाळ येई, अंघोळ-जेवण उरकून पळे. मधला अख्खा दिवस त्या लाकडी घरात दोघंच, फळीच्या भिंतीच्या दोन बाजूंना. मिरच्या ती एकटीच वाटायची, एकटीच खायची. फार तिखट झालंय म्हणायलाही कोणी नव्हतं.

श्वासाचा व्यायाम तिच्या वाट्याला आला होता. बेडकासारखी घोटाघोटाने हवा गिळायची, छाती भरायची, मग एका दमात आकडे मोजायचे. मागच्या महिन्यात नर्ससमोर चौदापर्यंत गेला होता. परवा नऊ. "असंच घसरत गेलं तर कफ वर येणार नाही, आणि तोच घात करील," नर्सने बजावलं.

"सुतान, घ्या श्वास," ती म्हणे. जावयाला नावाने हाक मारायची रीत नव्हती, म्हणून हा लग्नात मिळालेला किताब.

"नंतर, आमाक." सासूला तो आईच म्हणे.

"नंतर कधी? कयामतीला?"



त्या दुपारी ती चुलीपाशी खोबरं किसत होती. भिंतीपलीकडून आवाज आला. गुळुक. गुळुक. ती उठली, पायाखालची फळी करकरली, आवाज बंद. ती बसली, पुन्हा गुळुक.

तिचा हात किसणीवरच राहिला. म्हणजे करत होता मेला! सासूदेखत आ वासायचा नाही, म्हणून चोरून, अर्ध्या तोंडाने करत होता.

"सहा... सात..." आणि मग नुसती घरघर.

ती धावली. त्याचे ओठ निळे पडले होते. सासूने जावयाला हात लावायचा नसतो. तिने दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांखाली रोवले आणि "खोका!" म्हणत वर रेटले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कफाचा गोळा तिच्या बाहीवर पडला.

त्याने डोळे मिटून घेतले. "आमाक, तुमच्यासमोर असं..."

तीन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या उशाशी बसली.

"ऐका, सुतान. तुमची अदब कळली मला, आणि ती मला नको. माझा मान राखून मेलात, तर या घरात मी बोलू कोणाशी, खांबाशी? उद्यापासून माझ्या तोंडासमोर तोंड फाडायचं, आणि नीट नाही फाडलं तर शिव्या खायच्या. आता दम खा, पोरा. मी इथेच आहे."