कुंपणाकडची रांग

कॅनडातल्या विंडसरच्या मोटार कारखान्याच्या फाटकावर वेंडेल ड्रूयार पहाऱ्याला बसायचा, आणि तिथे ब्रह्मदेवाचंही काही चालत नसे. नियम जुना, कामगारांनीच केलेला. इथे बनलेली गाडी फाटकालगत उभी राहणार, बाहेरून आलेली पार पलीकडे, रेल्वेच्या कुंपणाला. जानेवारीत नदीवरचा वारा सुटला की तिथून चालत येताना भले भले सुधारायचे. वेंडेलची मुलगी कोलेट याच कारखान्यात कामाला. तिने एकदा स्वस्तात मिळाली म्हणून परदेशी गाडी घेतली, तर बापाने तिलाही कुंपण दाखवलं.

आता जिला कुंपण दाखवायचं ती कोलेटच कामावर येत नव्हती. पेट्रोलच्या गाड्यांची मागणी घटली, दुसरी पाळी बंद झाली आणि ती घरी बसली. विजेच्या गाड्या बनवायची यंत्रं सरकारी मदतीशिवाय येणार नव्हती, आणि सरकार वर्षभर नुसतं 'बघू' म्हणत होतं. आज उद्योगमंत्री येऊन काय तो निकाल देणार होत्या. नकार आला तर कोलेट आपल्या छोट्या लेकीला, मेझीला घेऊन दूर पश्चिमेला अल्बर्टा प्रांतात, तेलाच्या कामावर जाणार होती. वेंडेल चारचौघांत म्हणे, जाऊ दे, घर तरी शांत होईल. पण ती शांतता मनात आली की त्याच्या घशाखाली डोनट उतरत नसे.

मंत्री म्हणजे काळ्या गाड्यांचा ताफा, या हिशेबाने तो रस्त्याकडे डोळे लावून बसला होता. एवढ्यात एक चिमुकली विजेची गाडी आवाज न करता फाटकाशी आली. परदेशी. आत पातळ बूट घातलेल्या एकट्या बाई.

वेंडेलने कुंपणाकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, उशीर झालाय. तो म्हणाला, इथे सगळ्यांनाच होतो.

"अहो, पण विजेची गाडी तुम्ही बनवतच नाही. मग घ्यायची कुठली?"

"बनवू की. सरकारने खिशात हात घातला तर," वेंडेल म्हणाला. "पण सरकार खिशात हात घालतं ते फक्त थंडी वाजली की."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मुकाट्याने गाडी कुंपणाकडे नेली. बर्फ तुडवत, कान झाकत त्या आत गेल्या. थोड्या वेळाने व्यवस्थापकांचा फोन आला, की मंत्रीबाईंना पायी पाठवणारा तो शहाणा कोण?

आपल्याच हाताने आपण लेकीला अल्बर्टाच्या वाटेला लावलं, असं वेंडेलला वाटलं, आणि त्या म्हाताऱ्याला खरोखर रडू आलं. कानटोपी डोळ्यांवर ओढून तो नाक पुसत बसला.

दुपारी बाई परतल्या. गाडीकडे जाता जाता चौकीपाशी थांबल्या. वेंडेल उभा राहिला.

"वाजली थंडी," त्या म्हणाल्या. "घातला हात खिशात."

दोन वर्षांनी विजेची पहिली गाडी कारखान्यातून बाहेर पडली. तिचे दरवाजे बसवणाऱ्यांत कोलेट होती. काही दिवसांनी मंत्रीबाई तसलीच नवी गाडी घेऊन ऐटीत फाटकाशी आल्या. वेंडेलने गाडीला एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं.

"बॅटरी कुठली?"

बाईंचा चेहरा उतरला. "बाहेरची. तिचा कारखाना अजून व्हायचाय."

"मग मधली रांग."

पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कोलेटने हे ऐकलं आणि तिने कपाळाला हात लावला. "पापा, या बाईंमुळे तुमची लेक आणि नात घरात राहिल्या. आणि तुम्ही त्यांना चालायला लावता?"

"म्हणून तर मधली दिली," वेंडेल म्हणाला. "नाहीतर कुंपणच होतं."