पलंगाच्या पायाला बांधलेली साखळी

माझी शेवटची कडी बोटांत धरून पाहिली, तर ती बाकीच्या कड्यांपेक्षा किंचित बारीक लागते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, बोटांना कळतो. कुलुपाचा दांडा वर्षानुवर्षे याच कडीतून जात आला. गाडी हलली की कडी दांड्यावर घासायची आणि दर घर्षणात नजरेला न दिसेल इतके पोलाद झिजायचे.

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. रेल्वेच्या प्रवासात बर्थखाली बॅग बांधून ठेवतात, त्या कामाची. अलीगढकडच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तारेच्या भेंडोळ्यातून तुकडे कापले, ते वाकवून एकमेकांत अडकवले आणि सांधे तापवून जोडले. मग मला निकेलच्या द्रावणात बुडवून त्यातून वीज सोडली. बाहेर आले तेव्हा मी आरशासारखी चमकत होते. बॅगेला ओरखडे पडू नयेत म्हणून माझ्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक नळी चढवण्यात आली.

रायपूरच्या फलाटावर 'ताला-चेन, ताला-चेन' असे ओरडत फिरणाऱ्या एका विक्रेत्याकडून एका बाईंनी मला विकत घेतले. त्यांच्या डब्यात तुळशीराम नावाचे अटेंडंट होते. प्रवाशांना चादरी, उशा आणि कांबळी देणे आणि सकाळी ती गोळा करणे हे त्यांचे काम. बाईंच्या पायाला प्लॅस्टर होते. तुळशीरामांनी त्यांना हात धरून दोन-तीनदा दारापर्यंत नेले आणले. उतरताना बाईंनी पर्स चाचपली. सुटे पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी मला बॅगेवरून सोडवले आणि विचारले, "तुमचं नाव काय हो?" नाव ऐकून त्या म्हणाल्या, "तुळशीराम, ही ठेवा. तुमच्या उपयोगी पडेल." अशी मी बक्षीस म्हणून तुळशीरामांच्या हाती आले.

त्यानंतर त्यांच्या नोकरीची सारी वर्षे मी चादरींच्या कपाटाशेजारी त्यांची बॅग बांधून काढली. तिथून मला माणसे बक्षीस कसे देतात ते दिसत असे. कोणी नाणे बर्थवर टाकून बोटाने दाखवत. कोणी खिडकीबाहेर पाहत हात मागे करत. कोणी काहीच देत नसत, पण नमस्कार करून उतरत. सकाळी चादरी गोळा करताना तुळशीराम क्षणभर रेंगाळायचे आणि हात जरासा पुढे करायचे. त्या वेळी त्यांची नजर नेहमी जमिनीकडे असे. रायपुरातल्या गुढियारी भागात घरी गेल्यावर ते डब्यातल्या गमती सांगत. हाताची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही.

ते निवृत्त झाले आणि माझेही काम सुटले. काही दिवस मी दारातल्या कूलरला जखडून होते. पावसाच्या पाण्याने माझी नळी पिवळी पडली, सांध्यांवर गंज चढला. मग शेवंताबाईंनी, म्हणजे तुळशीरामांच्या पत्नीने, मला पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत टाकले. तिथे लोकरी टोप्यांच्या खाली मी पडून राहिले. माझी कोणाला आठवण उरली नव्हती.

याच काळात घरात एक प्रश्न अडकून पडला होता. तुळशीरामांची नात पायल हॉटेलचे शिक्षण पुरे करून बसली होती. प्रवासी जहाज चालवणाऱ्या एका कंपनीने तिला निवडले होते. काम खोल्या सांभाळण्याचे. कंपनी होकार मागत होती, पायलचे वडील इंद्रजीत म्हणत, "बाबा म्हणतील तसं." आणि तुळशीराम काहीच म्हणत नव्हते. कंपनीने दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा ते एवढेच बोलले, "आधी जहाज पाहून येऊ. समदेच जाऊ." मुंबईहून सुटणाऱ्या एका प्रवासी जहाजाची तिकिटे काढली आणि परत आल्यावर उत्तर द्यायचे ठरले. त्यापुढे कंपनी थांबणार नव्हती.

प्रवासाची तयारी करताना तुळशीरामांनी पेटी उघडली, मला रॉकेलने पुसले आणि कुलपात तेल सोडले. मुंबईपर्यंत गाडीत मी माझे काम नीट केले. आणि जहाजाच्या खोलीत शिरल्याबरोबर तुळशीरामांनी सवयीने बॅग पलंगाखाली सारली, मला पलंगाच्या लोखंडी पायाभोवती फिरवले आणि कुलूप लावले.

पायल आजीआजोबांच्याच खोलीत होती. ती हसून म्हणाली, "आबा, ये ट्रेन थोड़ी है!"

"गाडी असो का जहाज, माणूस झोपला का झोपलाच ना," तुळशीराम म्हणाले.

"राहू दे वं पोट्टे," शेवंताबाई म्हणाल्या. "यायले बांधल्याबिगर झोप नाही येत. नशीब माह्यं, मले नाही बांधत."

खोली सांभाळायला रीना नावाची मुलगी होती, पायलच्याच वयाची. तिने पहिल्या दिवशी टॉवेलांच्या घड्या घालून त्यांचे हत्ती केले. शेवंताबाईंना ते इतके आवडले की त्या दिवशी त्यांनी टॉवेल वापरलाच नाही, लुगड्याच्या पदराला हात पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कमरेची पिशवी सोडली. "पोट्टी किती करून राहिली! काही द्या लागते तिले."

"हातात नको देऊ," तुळशीराम हळूच म्हणाले. "उशीखाली ठेव. घेणाऱ्याले वर पाहा लागत नाही."

त्यांनी हे मायेनेच सांगितले होते, आणि शेवंताबाईंनी तसेच केले.

संध्याकाळी सगळे परतले तेव्हा ती नोट टेबलावर एका पाकिटात होती. पाकिटावर लिहिले होते की ही रक्कम आपल्या खोलीत सापडली, कृपया सांभाळून ठेवावी. इंद्रजीत आणि त्यांची पत्नी चेतना शेजारच्या खोलीतून आले होते. इंद्रजीतने पाकीट उलटसुलट करून पाहिले.

"कमी वाटले असतीन, बाबा. इथले लोक मोठ्या नोटा पाहून राहिले रोज."

"वापस केले?" तुळशीराम पलंगावर बसले. त्यांनी पाकीट इंद्रजीतच्या हातून घेतले. मग म्हणाले, "द्याले गेलं तरी अपमान, घ्याले गेलं तरी अपमान. असल्या कामात पोट्टीले टाकाचं का आपण?"

पायल खिडकीशी उभी होती. तिने मागे वळून पाहिले नाही. मी जमिनीलगत होते, म्हणून मला तिची पावले दिसत होती. एका पावलाचा अंगठा दुसऱ्या पावलावर घट्ट दाबलेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे नाश्त्याला गेले. रीना आली, पण एकटी नाही. तिच्यासोबत भार्गव नावाचा एक सहकारी होता. तो दारात हाताची घडी घालून उभा राहिला आणि रीना झाडू लागली. पलंगाखाली ती माझ्यापर्यंत आली की हात आखडून घ्यायची. बॅग सरकत नसल्याने तिला गुडघ्यांवर बसून बाजूबाजूने झाडावे लागले. माझी कडी मात्र एकदाही तिने हलवली नाही. आदल्या दिवशीही असेच झाले होते. याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

इतक्यात पायल विसरलेला चार्जर न्यायला आली. दोघांना पाहून ती थबकली.

"दो लोग क्यों, दीदी? इतना गंदा किया है क्या हमने?"

रीनाने माझ्याकडे पाहिले. "चेन बँधी है ना, मैम. चेन बँधी हो तो मैं अकेली अंदर नहीं आती. बाद में कुछ कम निकला तो मेरी कौन मानेगा?"

"मैं दो दिन से इसका बॉडीगार्ड हूँ," भार्गव म्हणाला. "मेरे अपने कमरे वैसे ही पड़े हैं."

"और वो तकिये के नीचेवाले पैसे?"

"उधर चेन, इधर खुला नोट," रीना म्हणाली. "मुझे लगा, परख रहे हैं. उठाती है कि नहीं."

पायलने कपाळावर हात मारला. "अरे, वो टिप थी! मेरी आजी ने रखी थी, हाथी के लिए!"

रीनाने हातातला झाडू खाली ठेवला, मग ती हसू लागली, आणि तिघेही हसले. पण रीनाने डोळे पुसले ते केवळ हसण्यामुळे नव्हे, असे मला वाटते.

पायलने आजीआजोबांना खोलीत आणून सारे सांगितले. ऐकताना तुळशीराम माझ्याकडेच पाहत होते.

"गाडीत एक जण होता," ते शेवंताबाईंना म्हणाले. "पाकीट उघडं ठेवून झोपेचं सोंग घेऊन पडला होता. मी चादर घ्याले वाकलो, तं पापण्या हलताना दिसल्या. चादर तशीच सोडली अन् दारात जाऊन उभा राहिलो. थंडीचे दिवस होते."

"कधी सांगतलं नाही तुम्ही," शेवंताबाई म्हणाल्या.

"काय सांगाचं? अन् आता पाह्य, तेच मी या पोरीले केलं."

त्यांनी खिशातून किल्ली काढली, खाली वाकून कुलूप उघडले आणि मला आपल्या खांद्यावरच्या उघड्या पिशवीत ठेवले.

मित्रांनो, मला फेकून द्या असे मी सांगणार नाही. गर्दीच्या डब्यात मला जरूर बांधा, अधूनमधून तेलाचा थेंबही द्या. पण जो माणूस तुमचे अंथरूण घालतो, त्याच्यासमोर मला बांधण्याआधी एकदा विचार करा. जहाजावर कुटुंबासोबत गेलात, तर खोली सांभाळणाऱ्याचे नाव पहिल्याच दिवशी विचारा. मौल्यवान वस्तू कपाटातल्या तिजोरीत ठेवा. ती त्यासाठीच असते. काही द्यायचे असेल तर उशीखाली ठेवू नका, कारण विसरलेली नोट आणि दिलेली नोट दिसायला सारखीच असते. मुलांच्या हातून दिलीत तर फार चांगले, पण आधी त्यांना नाव घेऊन आभार मानायला शिकवा.

चौथ्या दिवशी रीना एकटी आली. तुळशीराम तिची वाट पाहत उभे होते; शेवंताबाई आणि पायलही खोलीतच होत्या.

"बेटा, गलती हमारी थी," ते म्हणाले. "तुम्हारा गाँव कौन सा?"

"राउरकेला, अंकल."

"अरे, राउरकेला तो अपनी ही लाइन है! मैं भी गाड़ी में चद्दर बाँटता था. बहुत साल."

रीनाचे हात थांबले. "आप? फिर तो आपको सब पता है."

"पता था. भूल गया था." मग त्यांनी विचारले, "कोई हाथ में पैसा देता है, तो बुरा लगता है क्या?"

रीनाने थोडा विचार केला. "हाथी बनाना मैंने अपने आप सीखा है, अंकल. उसकी कोई तारीफ करे और कुछ दे, तो क्यों बुरा लगेगा? मैंने माँगा थोड़ी है."

शेवंताबाईंनी तीच नोट पाकिटातून काढून तिच्या हातात दिली. "रीना, हत्ती लय मस्त होते, बाई." रीनाला शब्द कळले नसतील, पण तिने नोट घेतली आणि शेवंताबाईंकडे पाहून मान झुकवली.

ती गेल्यावर तुळशीराम पायलला म्हणाले, "मी हात पुढे केला का माही नजर खाली जाये. तुही तशी जाऊ नये म्हणून अडवून राहिलो होतो मी."

"लेकिन आबा," पायल म्हणाली, "रीना तो आजी की तरफ देख रही थी."

तुळशीराम पलंगावर बसले आणि रिकाम्या पाकिटाची घडी घालू लागले.

शेवटच्या सकाळी हिशेबाच्या काउंटरवर रांग होती. मी तुळशीरामांच्या पिशवीत होते. जहाजाने प्रत्येकाच्या बिलात टिपची रक्कम आधीच धरली होती, आणि रांगेतले बरेचजण ती काढून टाकायला आले होते. इंद्रजीतचाही तोच विचार होता.

"बाबा, काढता येते ते. रीनाले तं आपण दिलंच ना हातात. कंपनीले काहून द्याचं?"

"चादर मी देत होतो, म्हणून पैसे मले भेटत," तुळशीराम म्हणाले. "धुणारा तिकडे यार्डात राहे. त्याले कोणी पाहिलं? इथंही खाली कोणी धुऊनच राहिलं असन. राहू दे ते."

"मी आपलं वाचवत होतो, बाबा."

"वाचव ना. घरचा कूलर रात्रभर चालू ठेवतं, ते वाचव."

रांगेतले दोघेतिघे हसले. इंद्रजीतही हसला आणि बाजूला झाला. काउंटरवरच्या बाईंच्या छातीवरच्या पट्टीवर देवश्री असे नाव होते. मराठी कानावर पडताच त्या म्हणाल्या, "बोला काका, बिलात काही बदल करायचा आहे का?"

"बदल नाही," तुळशीराम म्हणाले. "आमच्या खोलीवर रीना आहे. लय चांगलं काम करते अन् चोख आहे. हे कुठं सांगाचं असते?"

"मलाच सांगा. मी तिच्या साहेबांपर्यंत पोचवते. पुढच्या वेळी कामावर घेताना हे पाहतात." देवश्रीबाईंनी ते लिहून घेतले. "आणखी काही?"

तुळशीरामांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. इंद्रजीत, चेतना, शेवंताबाई मागेच उभे होते. पायल त्यांच्याही मागे होती, दुसरीकडे पाहत. तुळशीरामांनी तिचे मनगट धरून तिला पुढे आणले.

"ही माही नात, पायल. असल्याच एका जहाजानं इले कामावर बोलावलं आहे. मीच थांबवून ठेवलं होतं." ते क्षणभर थांबले, आणि मग रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता जाऊन राहिली हे."