दसऱ्याला पुजलेली पेटी

मित्रांनो, मी साध्या पत्र्याची पेटी, आता पार जुनी झाले. साकोलीच्या बाजारात ईश्वर पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवले आणि एकोडीचा कवडू मला सायकलला बांधून घरी घेऊन आला. ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर होते.

आदल्या पावसाळ्यात गावच्या तलावाची पाळ खचून कवडूच्या घरात गुडघाभर पाणी शिरले होते. अंधारात काडीपेटी सापडेना आणि चार वर्षांची चंद्रकांता रडून रडून निळी पडली. तिची आई रुखमिणी हिने तेव्हाच ठरवले, माझी लेक पुन्हा अशी अंधारात राहणार नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारून तिने मला भरले. बॅटरी, तिचे सेल, मेणबत्त्या, काडीपेटी, जखमेचे औषध, कापूस आणि चांगला जाड दोर. दर सहा महिन्यांनी पेटी उघडा, सेल बदला, दोर ओढून पाहा, असे नर्सबाईंनी बजावले होते. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! धानाच्या कोठीपेक्षा माझा मान मोठा होता.

तिथेच सगळे फिसकटले. दसऱ्याला कवडूने नांगर, विळे, कुऱ्हाड पूजेला मांडली आणि शेजारी मलाही बसवले. हळदकुंकू झाले, नारळ फुटला. मग रुखमिणीची सासू धुरपता म्हणाली की ही संकटाची पेटी, उगाच उघडली तर संकटालाच बोलावणे जाईल. कवडूला पटले. रुखमिणीलाही पटले, हे मला आजही सलते. आठ दसरे मला फुले मिळाली, नमस्कार मिळाले. झाकणाला मात्र कोणी हात लावला नाही. आत सेल पाझरत होते, काड्या सादळत होत्या, दोर कुजत होता. मी कोणाला आणि कशी सांगणार होते?

शहाऐंशीच्या भादव्यात एका संध्याकाळी पाळ फुटलीच. धुरपता तोवर वारली होती. कवडू गावकऱ्यांबरोबर पाळीवर माती टाकायला गेला होता. घरात पाणी चढू लागले तशी रुखमिणी मला आणि लेकीला घेऊन माळ्यावर चढली. बाहेर गावातले मारोतराव लाकडी डोंगा वल्हवत माणसे काढत फिरत होते. ते ओरडून सांगत होते, "बत्ती दाखवा! बत्ती दिसन तिकडेच येतो!"

रुखमिणीने मोठ्या भरवशाने माझे झाकण उघडले.

"माय, लवकर लाव ना," चंद्रकांता म्हणाली.

बॅटरी लागली नाही. सेल गंजून आतच चिकटले होते. काड्यांचा गूल घासताच गळून पडला. दोघींनी हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात त्या कोणाला ऐकू जाणार? डोंगा दुसरीकडे कंदील दिसला तिकडे गेला. थोड्याच वेळात मातीची भिंत बसली, माळा एका बाजूला कलला आणि चंद्रकांता पाण्यात पडली. रुखमिणीने दोर फेकला. पोरीने तो धरलाही, अगदी घट्ट धरला. दोर मधोमध तुटला.

रुखमिणी वाचली, पाळीवर गेलेला कवडूही वाचला. चंद्रकांता तिसऱ्या दिवशी खालच्या धानाच्या बांधीत सापडली.

आता दर बाजाराच्या दिवशी रुखमिणी मला अंगणात आणते. सेल काढून पुसते, काडी ओढून पाहते, दोराला खांबाशी बांधून अंगातले सगळे बळ लावून ओढते. शेजारच्या मंदाबाईला एकदा ते पाहवले नाही.

"आता पाहून काय उपेग, बाई?"

"काही उपेग नाही," रुखमिणी म्हणाली. "पण तवा पायलं नाही ना."

मित्रांनो, तुमच्या घरी अशी पेटी असेल तर तिच्या पाया पडू नका, ती उघडा. पेटी भरलेली आहे म्हणून ते घर निर्धास्त होते, आणि मी कित्येक वर्षे नुसती जड होते.