जाळ ओढायची हाक

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. खोड आम्हा दोघांची होती, मेला मात्र एकटा नवलसिंग.

तापीकाठी आमचं गुऱ्हाळ. दर हिवाळ्यात धडगावाकडून कालीबाई आणि तिचा मुलगा नवलसिंग डोंगर उतरून यायचे आणि कढईखालच्या चुलवणाच्या तोंडाशी जाळ घालायला बसायचे. मी वर, कढईपाशी. खाली बसलेल्याला कढई दिसत नाही. म्हणून रस उतू जायला लागला की मी थंड रसाचा तांब्या ओतायचो आणि ओरडायचो, "जाळ वढ!" नवलसिंग पेटती चिपाडं बाहेर ओढायचा. लहानपणापासूनची सवय, हाक आली की त्याचे पाय आपोआप चुलवणाकडे वळायचे.

अठ्ठावन्न साली मी मुंबईकडच्या तेलाच्या कारखान्यात लागलो. मॅट्रिक पास असल्याचा केवढा ताठा होता मला. दोन वर्षांनी नवलसिंगलाही तिथं झाडायच्या कामाला नेलं. निघताना कालीबाई म्हणाली, "तुन्हा भरोसावर धाडी ऱ्हायनी मी." मी हसलो होतो.

कारखान्यात जड तेल तापलेल्या भुकटीत सोडायचं, की ते फुटून हलकं व्हायचं. त्यातून निघणारा नाफ्ता, म्हणजे पेट्रोलसारखं पातळ तेल, कधी कमी प्रतीचा निघायचा. तो टाकून द्यायचा नाही, पुन्हा त्याच भुकटीतून फिरवायचा. त्या परतीच्या नाफ्त्याच्या नळाची चावी माझ्या हाती होती. साहेबानं बजावलं होतं, "थोडी थोडी उघडायची. हे तेल आधीच हलकं आहे, एकदम गेलं तर सगळ्याचा गॅस होईल." मी मान डोलवली. मनात म्हटलं, मला काय शिकवतोस, माझा जन्म कढईवर गेलाय.

एका दुपारी काट्यावरची उष्णता चढायला लागली. माझ्या डोळ्यांपुढे गुऱ्हाळ आलं. उतू जातंय तर थंड रस ओता. टाकीतला नाफ्ता थंड होता. मी चावी पुरती फिरवली. क्षणभर काटा खाली आला आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग त्या सगळ्या नाफ्त्याचा गॅस झाला. गॅस ओढणारं यंत्र बंद पडलं, नळाचा एक सांधा सुटला आणि फुसफुस सुरू झाली. शेजारीच तेल तापवायची भट्टी पेटलेली होती.

मी वरच्या लोखंडी माचावरून ओरडलो, "जाळ वढ!"

खाली पंधरा माणसं होती. चौदा फाटकाकडे पळाली. नवलसिंग हातातला झाडू टाकून भट्टीकडे धावला. तिथं ओढायला चिपाड नव्हतं की लाकूड नव्हतं, लोखंडाच्या आत जळणारा वायू होता. तो भट्टीपाशी पोचला आणि गॅसही पोचला.

चौकशीत लिहिलं गेलं की मजूर कारण नसताना भट्टीकडे गेला. कोणी काही ओरडलं का, असं साहेबानं विचारलं. मी नाही म्हणालो. ती हाक तिथं दोघांनाच कळत होती आणि दुसरा उरला नव्हता. चावीचा दोष माझ्यावर आला, नोकरी गेली. तेवढ्यावर सुटलो.

त्याचे कपडे घेऊन मी धडगावापलीकडच्या पाड्यावर गेलो. कालीबाईनं कपडे मांडीवर घेतले. रडली नाही. एकच विचारलं.

"बठ्ठा पळनात, मंग मन्हा पोऱ्या आगकडे कसाले गया?"

"माले माहीत नही, माय," मी म्हणालो.

तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. मला भीती वाटली. या जगात मला अजून भलं समजणारी ती एकच बाई होती, तीही जाईल याची.

हिवाळ्यात ती गुऱ्हाळावर आली, एकटीच. नवलसिंगच्या जागेवर बसली आणि चिपाडं सारायला लागली. तिसऱ्या प्रहरी रस फुगला. मी तांब्या उचलला, तोंड उघडलं आणि हाक निघेना. फेस काठावर आला, काठावरून ओघळला, चुलवणात चरचर झाली. मी तांब्या धरून उभाच.

खालून आवाज आला, "भिकनभाऊ, हाक का नही मारस?"

ती उठून वर आली. ओघळलेल्या रसानं भाजलेला हात पदरात गुंडाळलेला होता. रस सांडताना तिनं पाहिला आणि मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तठे बी तूच हाक मारी का?"

मी हो म्हणालो. इतकंच म्हणता आलं. ती शिव्या देईल, थुंकेल, निघून जाईल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तुन्ही हाक व्हती. मंग तो जाईच," ती म्हणाली आणि खाली जाऊन तिनं जाळ ओढला.

त्यानंतरही ती दर हिवाळ्यात येते. माझ्याशी बोलत नाही. हाकेची वाटही पाहत नाही. दर थोड्या वेळानं गुडघ्यावर हात टेकून उठते, वर येऊन कढईत डोकावते, आणि खाली जाऊन जाळ ओढते.