कारंज्याची जागा

नानासो मुकादमानं सगळ्यांना भाकरी खायला पिटाळलं आणि स्वतः कुदळ घेऊन खड्ड्यात उतरला. मुकादमाच्या हातात कुदळ! बायका पदराआड हसल्या. बनुबाई तेवढी हसली नाही.

सांगलीची ही कृष्णाकाठची संस्थानी बाग कैक वर्षं ओस पडली होती. बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराचं काम निघालं, तेव्हा कुठं तिचं नशीब उघडलं. साहेबांनी नेमकं जुन्या चिंचेला लागून कारंजं आखलं होतं. आटपाडीकडची धनगरीण बनुबाई सकाळपासून त्या चिंचेखालून हलायला तयार नव्हती. दुसरीकडची माती उचल म्हटलं तरी नाही. शेवटी ती शेजारणीला हळूच काय म्हणाली, ते नानासोच्या कानावर पडलंच.

"हितं माझं सोनं पुरलंय गं."

एवढं ऐकल्यावर त्याला कसला दम निघतोय! बाग ओस होती तेव्हा धनगरं मेंढरं घेऊन इथंच उतरायची. एखादं डबोलं पुरून गेली असतील, असं त्यानं ताडलं.

कुदळ ठणकन वाजली. खाली फरशी होती. त्यानं हातानं माती सारली आणि फरशीच्या कडेला बोटं घातली.

अंगावर सावली पडली. काठावर बनुबाई उभी होती; ती भाकरीला गेलीच नव्हती. तिच्या हातात खुरपं होतं.

"नानासो, हात काढा."

"तुझं एकटीचं हाय व्हय ते? सरकारी जागा हाय ही."

"माझंच हाय." तिनं खुरपं खाली टाकलं. "दोन वर्साचं पोरगं हुतं माझं. मेंढरं हितं बसली तवा तापानं गेलं. कोल्ह्यानं उकरू न्हाई म्हणून मालकांनी वर फरशी घातली."

नानासोनं चटका बसल्यागत बोटं काढली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खाली वाकून हातानंच माती परत लोटायला लागला. बनुबाई खड्ड्यात उतरली आणि तीही लोटू लागली.

साहेब आले तेव्हा खड्डा बुजलेला होता.

"खाली खडक लागला, साहेब. कारंजं पलीकडं घ्यावं लागंल," नानासो म्हणाला.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही गाळाची जमीन. नदीकाठी खडक कुठून आला?"

भाकरी खाऊन आलेली माणसं जागच्या जागी थांबली. बनुबाईनं मान खाली घातली.

"हात लावून बघितलाय मी," नानासो म्हणाला.

साहेबांनी त्याच्या मातीनं भरलेल्या बोटांकडं पाहिलं. मग आखणीची दोरी सोडायला सांगितली.

बनुबाईनं पाटी उचलली. सकाळपासून पहिल्यांदाच ती चिंचेखालून हलली.